कोटाच्या आत कोण?

मी काळा कोट बोलून राहिलो. वकिलाचा नाही, वकील होऊ घातलेल्यांचा. रायपूरच्या एका लॉ कॉलेजच्या मुलींच्या होस्टेलात, जिन्याजवळच्या खिळ्यावर मी लटकलेला असतो. एप्रिलात इथं डांबर वितळतं, चपला रस्त्याला चिकटतात, आणि नेमकं तेव्हाच हे लोक मला अंगावर चढवतात. त्याला शिस्त म्हणतात. हा नियम ज्यानं केला तो थंड देशातला होता, त्याला एकवेळ माफ. ज्यांनी तो तसाच चालू ठेवला ते इथलेच आहेत, आणि स्वतः एसीत बसतात.

माझा जन्म सदर बाजारातला. सोनारांच्या दुकानांमागच्या बोळात शिंप्याचं मशीन होतं. यज्ञेश्वर वकील मुलाला घेऊन आले. मुलाचं नाव शिशिर, बारावीचा निकाल नुकताच लागलेला. वकीलसाहेब शिंप्याला म्हणाले, "खांद्यात जरा मोठा शिवा. वकिली अंगात भरत जाते." शिशिरला कुणी काही विचारलं नाही. शेवटी शिंप्यालाच दया आली.

"भैया, अस्तर कौन से रंग का डालूँ?"

"मरून," शिशिर म्हणाला.

वकीलसाहेबांच्या कपाळाला आठी पडली. पण अस्तर आत असतं, चारचौघांत दिसत नाही, म्हणून त्यांनी चालवून घेतलं. त्या पोराचा स्वतःचा असा पहिला निर्णय अजून माझ्या पोटात आहे.

वर्गात शिशिर माझं मधलं बटण फिरवत बसायचा. समोर करार कायदा चालू, इकडे बटण गोल गोल. एक दिवस ते तुटलं. त्यानं जुन्या स्वेटरचं तपकिरी बटण स्वतःच्या हातानं, वाकडं, शिवून टाकलं. दुसऱ्या वर्षाच्या मध्यात त्यानं मला कँटीनच्या खुर्चीवर टाकलं आणि कॉलेज सोडलं. लोक म्हणाले, पळाला. खोटं आहे. पळणारा मागं वळून बघतो. हा सरळ शहराच्या टोकाला, भनपुरीला गेला, ट्रकच्या गॅरेजात गिअरबॉक्स खोलायला शिकला, आणि ऐकतो की आता गाणी म्हणत काम करतो. घरी वकीलसाहेबांनी त्याचं नाव घेणं सोडलं. मोठ्यांचं प्रेम असतंच हो, भरपूर असतं. फक्त ते आधीच एका मापात शिवून ठेवलेलं असतं. पोरगं त्यात बसलं नाही की पोरगं चुकलं. माप कधी चुकत नाही.

खुर्चीवरून मला गंधालीनं उचललं. ती शिशिरच्याच वर्गातली. घरचे जुने मराठी, पण हिच्या तोंडी हिंदीच. "इतना अच्छा कोट है, सड़ जाएगा," म्हणत तिनं मला होस्टेलात आणलं आणि मी सगळ्यांचा झालो. इथं कोट मागायचा नसतो. आदल्या दिवशी जेवताना ओरडायचं, "कल कोट मेरा!" की झालं. बाह्या दुमडायच्या, आतून सेफ्टी पिना मारायच्या, आणि निघायचं.

इतक्या जणींच्या अंगावर बसून मला एक विद्या आली. छातीचे ठोके कळतात. तोंड काहीही बोलो, मी आतून ऐकत असतो. म्हणून एआयच्या भानगडीत कोण खरं आणि कोण खोटं, हे या कॉलेजात माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.

भानगड अशी. फोनातल्या एआयला काहीही विचारा, तो लिहून देतो. प्रकल्प, निबंध, युक्तिवाद, घरमालकाला नोटीस. गंधाली तर त्याला सगळंच विचारते आणि मग रडते, "ये तो मेरी नौकरी खा जाएगा यार." रडून झालं की त्यालाच विचारते, "तू मेरी नौकरी खाएगा क्या?" तो नाही म्हणतो. हिचा विश्वास बसतो. दुसरी एक मोनाली आहे. ती व्हरांड्यात उभी राहून सांगते की हे सगळं पाप आहे, वकिलानं स्वतःच्या डोक्यानं लिहावं. हे सांगताना तिचा फोन माझ्या खिशात गरम असतो.

आणि आमचे नरहरी सर. सरांच्या नोट्स इतक्या जुन्या की पानं हळदीसारखी पिवळी झाली आहेत. विनोदाच्या जागी ते थांबतात, वर्ग हसेपर्यंत पुढं सरकत नाहीत. सरांनी भर सभेत सांगितलं, "एआय विद्यार्थ्यांची विचारशक्ती मारतं." सरांच्या तासाला ती आधीच पेंगत असते, मारायची गरज पडत नाही. पण सर पेटले होते. फर्मान निघालं: इथून पुढं सगळं हातानं लिहायचं, आणि सोबत हमीपत्र द्यायचं की 'मी कोणत्याही प्रकारे एआयची मदत घेतलेली नाही.'

मग काय, सगळ्यांनी फोन समोर उभा केला आणि एआयनं दिलेलं हातानं उतरवायला घेतलं. होस्टेलात बोटांना बाम चोळायचे दिवस आले. "हाथ टूट गया," गंधाली म्हणाली, "इतनी मेहनत में तो खुद सोच लेती." सरांना वाटलं चोरी बंद झाली. सरांनी चोरीचं अक्षर तेवढं सुधारलं.

आता दीपमालाचं सांगतो, कारण ही गोष्ट तिचीच आहे.

दीपमालाचे बाबा देवीदास रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात. मूळ गाव भंडाऱ्याकडचं. पोरगी शिकली हिंदी माध्यमात, आणि इथं आल्यावर कोर्टाचे निकाल इंग्रजीत, तेही असे की एक वाक्य पान संपलं तरी संपत नाही. पहिल्या वर्षी ती वर्गात उभी राहून म्हणाली, "सर, हे समजलं नाही." नरहरी सर म्हणाले, "मग बी.ए. करायचं होतं." त्या दिवसानंतर तिनं सरांना विचारणं सोडलं आणि फोनला विचारायला लागली. फोन टोमणे मारत नाही. 'हे मले सोप्या हिंदीत सांग,' ती लिहायची. तो सांगायचा. पुन्हा विचारलं तर पुन्हा सांगायचा.

पण पोट्टी हुशार. एकदा त्यानं तिला एक झकास निकाल सांगितला, नाव, साल, सगळं. ही लायब्ररीत शोधत बसली. असा निकाल कुठंच नव्हता, गड्यानं मनानं रचला होता. दीपमाला तिथंच हसत सुटली. "हा तर आमच्या मामासारखा आहे," ती गंधालीला म्हणाली. "माहीत नसलं तरी उत्तर देतेच." तेव्हापासून तो जे सांगेल ते ही लायब्ररीत जाऊन मूळ निकालाशी ताडून बघायची. मामाला विचारायचं, पण मामाच्या भरवशावर लग्न ठरवायचं नाही, असा तिचा हिशेब.

या वर्षी तिच्यावर टांगती तलवार होती. दिवाळीत देवीदासांनी फोनवर सांगून टाकलं होतं, "दीपे, या साली कॉलेजच्या टीममदी नाव आलं तर शीक पुढं. नाही तर घरी ये अन् बँकेची परीक्षा दे. वकिली आपल्या घरात कोनं केली हाय?"

"भिंतीवर फोटो कोनाचा लावला, बाबा? त्यायनं कोट कायले घातला होता, बँकेत जायले?"

मग देवीदास म्हणाले, "ते मोठे मानूस होते. तू टीममदी ये आधी."

एकाला ढकलून आत घातलं, दुसरीला ओढून बाहेर काढून राहिले. मोठ्यांना दार दिसलं की पोरांच्या बाजूनं लावायची सवयच आहे.

टीम म्हणजे मूट कोर्टाची. मूट कोर्ट म्हणजे खोटी कचेरी: खोटा खटला, खोटे वकील, घाम तेवढा खरा. आधी आपला युक्तिवाद लिहून द्यायचा, त्याला मेमोरियल म्हणतात, कुणी मेलेलं नसतं तरी. मग न्यायाधीशांपुढं उभं राहून बोलायचं. कॉलेजातली फायनल जो गाजवेल तो बंगळुरूच्या स्पर्धेला जाणार. आणि खटला सरांनीच तयार केलेला: एका विद्यार्थ्यानं एआयकडून प्रकल्प लिहून घेतला असा संशय आला, म्हणून कॉलेजनं त्याला न विचारता परीक्षेला बसू दिलं नाही. हे बरोबर की चूक?

फायनलला दोघं उरले. दीपमालाच्या वाट्याला आलं कॉलेज, म्हणजे एआय वापरणाऱ्यावर बंदी बरोबर असं म्हणायचं. समोर भार्गव, त्यानं त्या विद्यार्थ्याची बाजू घ्यायची. भार्गव म्हणजे मोठ्या वकिलाचा मुलगा. दिसेल त्याला सांगायचा, "अपन एआय को हाथ नहीं लगाते." लावेल कशाला? त्याचं मेमोरियल त्याच्या बाबांच्या ऑफिसातले ज्युनिअर चारुदत्त वकील लिहून द्यायचे. पगारी माणसानं लिहून दिलं तर त्याला परंपरा म्हणतात, फुकटच्या फोननं समजावून दिलं तर फसवणूक. त्याच्या कोटाला विचारावं म्हटलं, पण ड्रायक्लीनवाले कोट आमच्याशी बोलत नाहीत.

हमीपत्रावर भार्गवनं झोकात सही ठोकली. सगळ्यांनीच ठोकली, मोनालीनं तर खाली दोन रेघाही मारल्या. दीपमालानं नाही केली.

"अरे पागल, मार साइन," गंधाली म्हणाली. "सबने मारी है."

"'कोणत्याही प्रकारे' लिहिलंय त्याच्यात. मी त्याले विचारलं ना."

"तो? किसको पता चलेगा?"

"वकील व्हायले आली अन् पहिलीच सही खोटी करू?"

मी तेव्हा तिच्याच अंगावर होतो. ती सराव करायला होस्टेलच्या गच्चीवर निघाली होती. संध्याकाळची हवा, तेलीबांध्याच्या तळ्याकडून येणारा वारा, आणि ही फोनला सांगते, 'तू नरहरी सर बन. खडूस प्रश्न विचार.' फोननं फार अदबीनं प्रश्न विचारला. हिनं लिहिलं, 'सर इतके चांगले नाहीत. अजून खडूस.'

फायनलच्या दिवशी सभागृह गच्च. पंखे फिरत होते, वारा मात्र फक्त छताला लागत होता. न्यायाधीश म्हणून शहरातले ज्येष्ठ वकील बोलावले होते. ते येऊन बसले आणि माझ्या अस्तराला कापरं भरलं. यज्ञेश्वर वकील! शिशिरचे बाबा. केस पिकले होते, आठी तीच. कामकाज इंग्रजीत चाललं, मधूनमधून हिंदी. मी आपल्या भाषेत सांगतो.

भार्गव आधी उभा राहिला. फर्डा बोलला. "मिलॉर्ड, माणसाला शिक्षा देण्याआधी त्याचं म्हणणं ऐकलंच पाहिजे," म्हणत त्यानं एका निकालाचा दाखला दिला. यज्ञेश्वर वकील पुढं झुकले आणि त्यांनी तो प्रश्न टाकला ज्याची मूटवाल्यांना सापापेक्षा जास्त भीती वाटते.

"त्या खटल्यात झालं काय होतं, वकीलसाहेब? हकीकत सांगा."

भार्गवनं पान उलटलं. परत उलटलं. चारुदत्त वकिलांनी हकीकत लिहिली नव्हती. "मिलॉर्ड, ते मी... नंतर सादर करतो."

मग दीपमाला उठली. "मे इट प्लीज युवर लॉर्डशिप..." एवढंच बोलली असेल, की प्रेक्षकांतून नरहरी सर उभे. हातात कागद.

"माफ करा, पण हिला बोलू देता येणार नाही. सगळ्या वर्गात एकटीनं हमीपत्र दिलेलं नाही. मला तेव्हाच शंका आली. मी हिचं मेमोरियल कॉम्प्युटरवर तपासलं. नव्वद टक्के एआयनं लिहिलेलं! टीममधून नाव बाद."

सभागृहात कुजबुज. माझ्याखाली तिची छाती अशी धडधडली की तपकिरी बटण हललं. ती बोलायला पुढं झाली. आणि बोललं कोण, तर भार्गव.

"सर, पर उससे पूछा कहाँ आपने?" मग स्वतःशीच चकित होऊन तो घरच्या मराठीत म्हणाला, "हेच तर मी आत्ता सांगून राहिलो होतो!"

लोक हसले. मला वाटतं, आपला युक्तिवाद त्याला त्या क्षणी पहिल्यांदा कळला.

यज्ञेश्वर वकिलांनी टेबलावर पेन आपटलं. "ऐकू या. नरहरी, काय लिहिलंय ते वाचा."

सरांनी घसा साफ करून वाचलं: "'नियम आणि न्याय यांच्या गुंतागुंतीच्या विणीत प्रस्तुत प्रकरण हा केवळ एक वाद नसून एका नव्या युगाची नांदी आहे.' सांगा, हिंदी माध्यमाची मुलगी असं लिहील?"

विणीतलं मला कळतं. त्या वाक्यात एकही टाका पक्का नव्हता.

"सर," दीपमाला आता बोलली, "हे वाक्य माझं नाही."

"तुझ्याच मेमोरियलमधलं आहे!"

"माझं मेमोरियल हातानं लिहिलेलं आहे, सर. तुम्हीच सांगितलं होतं. ते मिलॉर्डांच्या पुढं आहे."

लाल कव्हरचा गठ्ठा यज्ञेश्वर वकिलांच्या पुढ्यातच होता. त्यांनी चष्मा चढवला, पान काढलं आणि वाचलं: "'नियम होता. मुलाला तो आधी सांगितला होता. माहीत नव्हता असं तो म्हणू शकत नाही.' बस, एवढंच आहे इथं. युग-बिग काही नाही. नरहरी, तुमच्या हातातलं कुठून आलं?"

सर म्हणाले, "तेच आहे. हाताचं अक्षर तपासणीत घेता येत नाही ना, म्हणून टाइप करून घेतलं."

"कोणाकडून?"

"फोननं फोटो काढले... आणि त्या अ‍ॅपला सांगितलं, नीटनेटकं टाइप करून दे."

"कोणत्या अ‍ॅपला?"

सर फोन खिशात सरकवू लागले. पुढच्या रांगेतून गंधालीच ओरडली, "सर, वो तो एआय है!"

पुढं काय झालं ते सांगायला शब्द नाहीत, आवाज आहेत. बाकं वाजली, शिट्ट्या झाल्या. शिपाईसुद्धा दाराला टेकून हसत होते. सरांनी एआयकडून नीटनेटकं करून घेतलं, दुसऱ्या एआयकडून ते पकडून घेतलं, आणि मधल्या मधे पोरगी फासावर. ही चूक करायला शिक्षण लागतं. येऱ्यागबाळ्याचं काम नाही.

हसू ओसरलं. यज्ञेश्वर वकील आता मऊ झाले होते. "मुली, विषय मिटला. तू काही वापरलं नाहीस. हो ना?"

बघा, दार उघडं होतं. 'नाही, मिलॉर्ड' एवढं म्हटलं की टीम, बंगळुरू, बाबांचं तोंड बंद, सगळं मिळत होतं. तिचा उजवा हात माझ्या तपकिरी बटणावर आला आणि ते फिरवू लागला. गोल गोल. शिशिरनंतर पहिल्यांदा.

"वापरलं, मिलॉर्ड," ती म्हणाली.

यज्ञेश्वर वकिलांनी पेन खाली ठेवलं.

"लिहायला नाही. समजून घ्यायला. निकालाची इंग्रजी मला जड जाते, तर मी त्याला सोपं करून विचारते. मग मूळ निकाल वाचते, कारण तो थापा पण मारतो. म्हणून सही नाही केली. कागदावर 'कोणत्याही प्रकारे' होतं."

"मग तुझ्या मेमोरियलमधला हा दाखला," यज्ञेश्वर वकील पुढं झुकले, "याची हकीकत?"

दीपमालानं कागदाकडं पाहिलंही नाही. कोणत्या गावची परीक्षा, मुलाच्या खिशात चिठ्ठी कशी सापडली, पर्यवेक्षकानं काय जबाब दिला, खालच्या कोर्टानं काय चूक केली, ती सांगतच गेली. वकीलसाहेबांनी मधे खोडा घातला, तिनं काढला. पुन्हा घातला, पुन्हा काढला. गच्चीवरच्या नकली नरहरी सरांनी यापेक्षा वाईट छळलं होतं. हळूहळू तिचे ठोके जागेवर आले, आणि मला वाटलं, शिंप्यानं खांद्यात ठेवलेली ती जास्तीची जागा आज भरली.

निकाल लागला. दीपमाला पहिली. भार्गव दुसरा, तोही टीममध्ये. खाली उतरताना यज्ञेश्वर वकील तिच्यापाशी थांबले. तिच्या दुमडलेल्या बाहीतून मरून अस्तर दिसत होतं. ते बघत राहिले, मग बटण बघितलं.

"हा कोट कोणाचा?"

"होस्टेलचा, सर."

"खांद्यात मोठा आहे."

"हो सर. पण श्वास घेता येतो."

ते काहीतरी बोलणार होते. नाही बोलले, खाकरले. म्हातारी माणसं नेमकं बोलायच्या वेळी खाकरतात. वकीलसाहेब, भनपुरी काही लंडनात नाही. ऑटो जातो.

सरांचं म्हणाल तर सर सुधारले नाहीत. नोटीस बोर्डावर हमीपत्राला एक कलम वाढलं: 'फोटो काढून टाइप करून घेण्यासही मनाई आहे.' पण पोरं बदलली. पुढच्या हमीपत्रावर दीपमालानं सही केली आणि खाली लिहिलं, 'समजून घेण्यासाठी वापरलं.' ते बघून गंधालीनं लिहिलं, 'स्पेलिंगसाठी, और थोड़ा रोने के लिए.' भार्गवनं लिहिलं, 'एआय नाही. चारुदत्त वकील.' आणि मोनालीनं बराच विचार करून लिहिलं, 'पूर्ण प्रकल्प. माफ करा सर.' सरांनी तो गठ्ठा कपाटात घातलाय. काय करायचं, हे त्यांना कुणी सांगेना. फोनला विचारायची हिंमत होत नाही.

देवीदासांचा फोन आला तेव्हा मी दीपमालाच्या खांद्यावर होतो. "बँकेचा फारम भरू नको मंग," ते म्हणाले. आणि वर, "अन् कोट कोनाचा घालून जाशीन?"

"हाय ना एक, बाबा. चांगला हाय."

आता मी बंगळुरूच्या गाडीत आहे, तिच्या बॅगेत घडी होऊन, वर चिवड्याची पिशवी. कोपर झिजलंय, कॉलर चकाकायला लागलीय, बटण अजून वाकडं. मला तक्रार नाही.

एकच मागणं आहे. खिळ्यावर लटकलेला रिकामा कोटही लांबून वकिलासारखा दिसतो. मी कितीदा तसा दिसलोय, आणि लोकांनी मला नमस्कारही केलेत. तेव्हा पोरांनो, फोनला विचारा, मामाला विचारा, पुस्तकाला विचारा, चारुदत्त वकिलांना विचारा. पण समोरून कुणी "हकीकत सांगा" म्हणालं, तर सांगायला माझ्या आत कुणीतरी असू द्या.